उलटा हात

लॅपटॉपच्या कडेवरून मनगट घसरलं आणि मला वाटलं, या कडेला बारीक केस आलेत. हात उचलून पाहिलं. कड नेहमीसारखीच, राखाडी आणि गुळगुळीत. मनगट दाबून ठेवलं तर काहीच नाही. पण उचलताना कातडी नुसती चाटून गेली की पुन्हा तेच, एक बारीक खरखर, गुरगुरणाऱ्या मांजराच्या पाठीवर हात ठेवावा तशी. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्यानंच काम करत होतो, कारण आईच्या घरात आता टेबल उरलं नव्हतं. सकाळीच दोन माणसं येऊन टेबल, कपाट आणि तिचा पलंग घेऊन गेली होती. महिनाअखेरीला घर सोडायचं होतं. फरशी पुसताना माझ्याच पायानं बादली कलंडली होती आणि चपला भिजल्या म्हणून मी त्या दाराशी वाळत टाकल्या होत्या, त्यामुळे पाय उघडे होते आणि फरशी अजून ओली होती. चार वाजेपर्यंत एका वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेचं भाषांतर पाठवायचं होतं. माझा धंदाच तो. यंत्राबरोबर खोक्यातून जी पुस्तिका येते, जी कोणी उघडत नाही आणि घर बदलताना सापडली की फेकून देतात, ती मी लिहितो. पान तीनवर आलो होतो. ‘सुरक्षिततेच्या सूचना’. पहिलीच ओळ: हे यंत्र अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच जोडावे. हे वाक्य गेल्या सोळा वर्षांत किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. मिक्सर, हीटर, पंखे, केस वाळवायची यंत्रं, सगळ्यांना तेच. बोटं ते आपोआप टाइप करतात, डोक्याला त्रास देत नाहीत. तेव्हाही बोटांनी टाइप केलं, आणि पूर्णविराम देताना करंगळी पुन्हा त्या कडेला लागली.

आधी वाटलं, लॅपटॉप बिघडला. हल्ली यांचं अंग धातूचं असतं आणि दोन पिनांचा चार्जर लावला की थोडं झिणझिणतं, हेही मी कुठल्यातरी पुस्तिकेत लिहून बसलोय, पुढे कंसात ‘हा दोष नव्हे’. पण माझी वायर तीन पिनांची आहे. माझ्या घरी हाच लॅपटॉप, हीच वायर, रोज नऊ-दहा तास, आणि कधी काही जाणवलं नाही. लॅपटॉप तोच, हात तोच, फक्त घर वेगळं. हा विचार मी अगदी सहज केला, आणि तो पुरा व्हायच्या आत मान वळली. उजवीकडे फ्रिज होता. तो उद्या जायचा होता, अजून चालू होता. त्याच्या दाराची धातूची मूठ मी घट्ट धरली. काही नाही. मग मी या फ्रिजच्या बाबतीत कधी न केलेली गोष्ट केली. बोटांची टोकं त्या मुठीवरून वरून खाली अलगद फिरवली, धूळ बघावी तशी. मूठ थरथरत होती. मी हात मागे घेतला आणि ओल्या फरशीवर तसाच उभा राहिलो. फ्रिजचं यंत्र घुरघुरत होतं, घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता.

‘फ्रिज चावतो रे मला.’ आई पहिल्यांदा हे म्हणाली तेव्हा मी याच ओट्याला टेकून चहा पीत होतो. ‘काय आई, फ्रिज म्हणजे काय कुत्रा आहे?’ ‘कुत्रा परवडला. तो आधी भुंकतो तरी.’ आम्ही दोघंही हसलो. ती मुळात मिश्कील बाई होती, तेव्हा ती विनोदच करते आहे असं धरून चालणं सोपं गेलं. ताईला फोनवर सांगितलं, तीही हसली. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, दुसऱ्या शहरात असते, शाळेत गणित शिकवते आणि कुठल्याही गोष्टीचा दोन वाक्यांत निकाल लावते. मग तो आमचा बहीणभावांचा खेळच झाला. ‘काय म्हणतोय कुत्रा?’ ‘आज वॉशिंग मशीनही चावलं म्हणे. पिल्लं झाली.’ आईची चेष्टा करायची म्हणून नव्हतं ते. बाबा जाऊन वर्ष व्हायचं होतं, फोनवर दोघांनाही रडू येईल अशी भीती असायची, आणि हसायला काहीतरी मिळालं होतं. पुढे एकदा ती म्हणाली, ‘आता नळही चावतो.’ हे सांगितलं तेव्हा ताई हसली नाही. ‘नळ?’ ‘हो, नळ.’ ‘नळात कुठून येणार वीज?’ ‘तेच ना.’ मग आम्ही दोघंही गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यात सगळं ठरून गेलं. त्यानंतर आम्ही तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायला लागलो, आई आसपास नसली तरी.

आणि कोणाबद्दल बोलत होतो आम्ही? एकतीस वर्षं कापडगिरणीत तपासनीस म्हणून काम केलेल्या बाईबद्दल. लहानपणी शाळा लवकर सुटली की मी तिच्या खात्यात जाऊन बसायचो. उतरत्या मेजावरून कापडाचा तागा सरकत यायचा, वर लांब दिवे, आणि तिची दहा बोटं त्या कापडावर पसरलेली. बाकीच्या बायका डोळ्यांनी बघायच्या. आई पुष्कळदा खिडकीबाहेरच बघत असायची. तुटलेला एखादा धागा, जो दिव्याखाली धरूनही मला दिसायचा नाही, तो तिच्या बोटांना कळायचा. ‘दाबायचं नाही,’ ती मला शिकवायची, ‘दाबलं की कापड गप्प बसतं. नुसतं विचारायचं त्याला.’ दोष सापडला की तिथल्या काठाला लाल दोऱ्याची एक गाठ मारायची, बस्स. दुरुस्ती तिचं काम नव्हतं, ती पुढच्या माणसानं करायची, पण गाठ दिसली की त्याला ती करावीच लागायची. तागा निर्दोष निघाला की दोन बोटांनी मेजावर टकटक, आणि तागा पुढे. ही टकटक ती घरीही आणायची. माझ्या शर्टाला इस्त्री झाली की टकटक. प्रगतिपुस्तकावर सही केली की टकटक, जरा नाराजीनं. मी परीक्षेला निघालो की टाळूवर टकटक.

बाबांचा हात निराळा होता. ते वायरमन. या इमारतीतली अर्धी घरं त्यांनीच जोडली होती, आणि आमचं तर भिंतीतल्या शेवटच्या खिळ्यापर्यंत. कुठल्याही नव्या वस्तूला ते आधी उलटा हात लावायचे, बोटांची मागची बाजू. ‘तळहातानं धरलंस आणि त्यात करंट असला तर तुझी मूठच आवळली जाईल, सोडवायची नाही. उलट्या हाताला झटका बसला तर हात आपोआप आपल्याकडे येतो.’ हे त्यांनी आम्हाला मुळाक्षरांच्या आधी शिकवलं असेल. सवय इतकी मुरलेली की ताप बघायलाही उलटा हात, आंघोळीचं पाणी बघायलाही उलटा हात. मी नोकरीच्या पहिल्या दिवशी नवा कोट घालून उभा राहिलो तेव्हा गालाला त्यांनी उलटाच हात लावला होता, आणि आई हसून म्हणाली होती, ‘अहो, मुलगा आहे आपला, करंट नाही त्याच्यात.’ शेवटी शेवटी आईलाही ती सवय लागली. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माणसं एकमेकांचे हात उचलतात. तिच्या उलट्या हातात बाबांचा संशय होता आणि सुलट्या हातात गिरणी, आणि हे दोन्ही हात तिला सांगत होते की घरात काहीतरी बिघडलंय. आम्ही तिचं वय धरून बसलो.

कानाडोळा केला असं नाही म्हणता येणार. उलट आम्ही फार केलं. मी एक चटपटीत इलेक्ट्रिशियन आणला होता. त्यानं प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्टर खुपसला, फ्रिजवर दणकन थाप मारली, म्हणाला, ‘सगळं ओके आहे, काकू.’ त्याच्या पायात जाड रबरी तळांचे बूट होते. माझ्याही पायात होते. आई म्हणाली, ‘बूट काढून बघा ना.’ आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी त्याला डोळ्यानं खूण केली, ती कसली होती हे मला आजही शब्दात सांगायला लाज वाटते. आई मात्र जन्मभर घरात अनवाणी. पायाला जमीन लागल्याशिवाय घरात आल्यासारखं वाटत नाही म्हणायची. मी तिला रबरी सपाता आणून दिल्या, तिनं त्या खोक्यासकट ठेवून दिल्या. मग तिनं नळाच्या तोटीला फडकं गुंडाळलं. फ्रिज उघडायला लोकरीचे हातमोजे. पुढे पुढे ती दिवसाचा मेन स्विचच बंद करून बसायला लागली, फ्रिजमधलं नासायला लागलं, शेजारीण मला फोन करायला लागली. एक डॉक्टर म्हणाले, नसा. दुसरे म्हणाले, एकटेपण. तिसऱ्यांनी खुर्ची पुढे ओढून मला विचारलं, ‘घरात काही विचित्र वागतात का?’ मी म्हणालो, ‘लाल दोरे बांधतात. फ्रिजला, नळाला, मशीनला.’ त्यांनी ते लिहून घेतलं. ते विचारत होते आणि मी सांगत होतो, आणि एवढं बोलूनही मला गिरणी आठवली नाही. माणूस विसरतो म्हणजे किती विसरतो. मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी उतारा-बितारा डोक्यात शिरलाय.

त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची. बोटं जड झाली. महिन्याभरानं तिला विचारलं, ‘आता चावतो का फ्रिज?’ ती बराच वेळ बोटांकडे बघत राहिली. ‘नाही,’ म्हणाली, ‘आता काहीच कळत नाही.’ मी हे ताईला फोनवर अगदी आनंदानं सांगितलं. तीही म्हणाली, ‘सुटलो बाबा.’ आणखी दोन महिन्यांनी आई न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण एकटीला ठेवायचं कसं, हा प्रश्न आला, आणि प्रश्न आला की ताई उत्तर काढते. शहराबाहेर वृद्धांसाठी एक चांगलं निवासगृह होतं. ती निघाली त्या दिवशी दारातून परत फिरून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, निरोप घेते आहे. ती म्हणाली, ‘दोरे काढू नकोस हं. कोणी तरी येईल बघायला.’ मी म्हणालो, ‘नाही काढत.’ त्याला दीड वर्ष झालं. तिथं तिला इतका आराम मिळाला की ती हळूहळू सगळंच विसरत गेली. आधी दिवस, मग गल्ली, मग ताईचं नाव. माझं नाव मात्र वर्षभर टिकलं.

मी वाकून बघितलं. दोरा होता. फ्रिजच्या मुठीच्या खालच्या टोकाला, एकच घट्ट गाठ, दोन्ही टोकं कात्रीनं सारखी केलेली. दीड वर्ष मी या घरात येत-जात होतो, हाच फ्रिज उघडून पाण्याची बाटली काढत होतो. वॉशिंग मशीनच्या पाठच्या पायाला एक. नळाच्या मानेला, कुजलेल्या फडक्याखाली, एक. दिव्याच्या पितळी बटणांना नव्हता. खिडकीच्या गजांना नव्हता. गॅसच्या शेगडीला नव्हता. ती वेडी असती तर तिनं सगळ्यांनाच बांधले असते. हे माझ्या मनात आलं तेव्हा नळाला हात लावायचा राहिला होता, आणि मला तो लावायचा नव्हता. मी देव मानत नाही, पण त्या क्षणी काकुळतीला येऊन म्हटलं, नळ तरी नको. नळात काही नसलं तर अजून थोडं सुटता येईल. मग उलटा हात पुढे केला. नळ अगदी हलकेच चावला.

दुपारी आलेला इलेक्ट्रिशियन म्हातारा होता, बोलायच्या आधी घसा खाकरायचा आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच वाकून बूट काढायला बसला. मोजेसुद्धा काढले. ‘असू द्या की,’ मी म्हणालो. ‘बूट घालून काय कळणार?’ तो म्हणाला. मग ओल्या फरशीवर चालत फ्रिजजवळ गेला आणि त्यानं उलटा हात लावला. बोटांची मागची बाजू, अलगद. मला खिडकीशी जावं लागलं. मागून त्याचा आवाज आला, ‘हे दोरे कोणी बांधले?’ ‘का?’ ‘नाही, बरोबर आहेत सगळे. अर्थिंगच्या तारेला जे जे जोडलंय तिथं तिथंच बांधलेत. ज्यानं बांधले त्याला सगळं कळलेलं आहे. मग मला कशाला बोलावलंत?’ तो ओट्याखालच्या कपाटात डोकं घालून आडवा झाला आणि थोड्या वेळानं म्हणाला, ‘या, बघा.’ मीही त्याच्या शेजारी फरशीवर पोटावर पडलो. बॅटरीच्या उजेडात भिंतीतून बाहेर आलेला, वर नळाला जोडलेला लोखंडी नळीचा वीतभर तुकडा होता. त्याच्यावर पितळी पट्टा, पट्ट्याला तांब्याची जाड तार, एकसारखी वळलेली, आणि तारेला दोऱ्यानं टांगलेलं पुठ्ठ्याचं लेबल. अक्षर बाबांचं. ‘याला हात लावू नये.’

‘काम एक नंबर आहे,’ म्हातारा म्हणाला. ‘पूर्वी अशीच बांधायचे. घराची अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळीला. नळी खाली जमिनीत जायची, गळकी वीज तिच्याबरोबर जमिनीत. पण ही नळी पुढे कुठे जाते?’ त्यानं बॅटरी खाली फिरवली. वीतभर तुकडा संपला की पांढरी प्लॅस्टिकची नळी सुरू होत होती. ‘ही केव्हा घातली?’ मला तारीखसुद्धा आठवत होती. बाबा गेल्यावर आठ महिन्यांनी. नळाला गंजाचं तांबडं पाणी यायचं, आईचे पांढरे कपडे पिवळे पडायचे, आणि बाबांच्या मागं घराचं मी बघतो हे मला दाखवायचं होतं. प्लंबर मीच आणला. सगळ्या जुन्या नळ्या काढून नव्या घातल्या. भिंतीतला हा तुकडा काढायचा तर फरशा फोडाव्या लागल्या असत्या, त्यानं विचारलं, ‘राहू दे का?’ मी मोठ्या ऐटीत म्हणालो, ‘राहू दे.’ आई किती खूश होती त्या दिवशी! ग्लासभर पाणी काढून उजेडाला धरून म्हणाली, ‘अगदी काचेसारखं.’ आणि ओट्यावर टकटक केली. ‘मग पुढं वाटच नाही तिला,’ म्हातारा सांगत होता. ‘प्रत्येक यंत्रातून थोडी थोडी गळतेच. ती फ्रिजवरून मशीनवर, मशीनवरून नळावर, इथल्या इथंच फिरत बसली.’ ‘जिवाला धोका होता?’ ‘एवढीनं माणूस मरत नाही. पण रोज पाण्यात हात घालणाऱ्या, अनवाणी वावरणाऱ्या माणसाला… नको व्हायचं हो घर.’ तो उठून बसला, घसा खाकरला. ‘इतके दिवस कोणाला कळलं कसं नाही?’ मी म्हणालो, ‘कळलं होतं.’ बाबांनी लिहिलं होतं तसं कोणीही त्याला हात लावला नव्हता. मी फक्त नळी काढली होती.

चार कधीच वाजून गेले होते. पुस्तिका पान तीनवरच होती. ताईला फोन केला. ती शाळेत होती, वर्गातून बाहेर आली. मी सगळं सांगितलं, प्लंबरचंही. तिच्याकडे मुलांचा गलका ऐकू येत होता, तो लांब गेला, मग दार लागल्याचा आवाज. ताईला दोन वाक्यं सुचेनात. खूप वेळानं म्हणाली, ‘पिल्लं झाली म्हणाले होते रे मी.’ ‘मी म्हणालो होतो, ताई. तू हसली होतीस.’ ‘हो का?’ ती म्हणाली. ‘तिला सांग. जा आणि सांग. तिला कळायला हवं रे. एकदा तरी कळायला हवं.’ तेवढंच उरलं होतं आता. आई घरी परत येणार नव्हती, घरही राहणार नव्हतं, पण तू खरं बोलत होतीस हे एक वाक्य तिच्यापर्यंत पोहोचायला हवं होतं, ती जिथं कुठं असेल तिथं. मी निवासगृहात फोन केला. तिथली परिचारिका म्हणाली, सकाळी नाश्ता झाला की तासभर त्या बऱ्या असतात, त्या वेळात या, पण फार आशा ठेवू नका, गेल्या आठवड्यापासून जरा उतारच आहे. मी कात्री घेऊन तिन्ही गाठी सोडवायला बसलो. त्या सुटेनात. गिरणीची गाठ सुटण्यासाठी मारलेलीच नसते. शेवटी कापाव्या लागल्या.

सकाळी साडेनऊला मी तिच्या खोलीच्या दारात उभा होतो. ती खिडकीशी खुर्चीत बसली होती, पायात त्यांनी दिलेल्या जाड सपाता, मांडीवर चादरीचं टोक, आणि त्या टोकावरून तिची बोटं सावकाश जात-येत होती. ‘आजी, कोण आलंय बघा,’ परिचारिका म्हणाली आणि गेली. आईनं माझ्याकडे बघितलं, माझ्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या पिशवीकडे बघितलं. ‘बसा ना,’ म्हणाली. तिनं मला अहो-जाहो केलं तेव्हाच खरं तर मी वाक्य गिळायला हवं होतं, पण रस्ताभर ते घोकत आलो होतो. ‘आई, फ्रिज चावत होता. मशीनही. नळही. तू बरोबर होतीस, सगळीकडे बरोबर होतीस. मी नळ्या बदलल्या ना, त्यामुळे झालं ते. माझ्यामुळे झालं.’ ती ऐकत होती, पण एखाद्या परक्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकावं तशी, मान हलवत. मी खिशातून दोऱ्याचे तुकडे काढून तिच्या मांडीवर ठेवले. तिच्या बोटांनी ते उचलले, चाचपले, आणि चेहऱ्यात काहीतरी बदललं. डोळ्यांत नाही, हनुवटीत. गिरणीत असायची तशी हनुवटी जरा वर आली. ‘गाठी पाहिल्या तुम्ही?’ ‘पाहिल्या.’ ‘मग मुलानं पाठवलं वाटतं तुम्हाला. तुम्ही वायरमन ना?’

मी ‘हो,’ म्हणालो. ‘दुरुस्त झालं?’ ‘झालं. आता काही नाही चावत.’ ती खुर्चीत मागे टेकली, आणि तिनं एवढा मोठा श्वास सोडला की दीड वर्षं, का अडीच वर्षं, तो तिनं आत धरून ठेवला होता असं मला वाटलं. ‘मी म्हणत होते,’ ती म्हणाली. ‘कोणाला पटत नव्हतं. मुलाला वाटायचं, आई चळली. वाईट नाही हो तो. घाईत असतो फार. यायचा, घट्ट धरून बघायचा, जायचा.’ ‘त्याला वाईट वाटतंय आता,’ मी म्हणालो. ‘तुम्हाला कसं ठाऊक?’ आणि मग तिला माझ्या गालावरून काय ओघळतंय ते दिसलं असावं. ती पुढे झुकली. हात वर केला, आणि बोटांची मागची बाजू माझ्या गालाला लावली, नुसती टेकवली न टेकवली अशी, ओल्या जागेवर. मी डोळे मिटले. ती वाट बघत होती, अनोळखी वस्तूची बघायची असते तेवढा वेळ. आता हात उलटेल, आता तळवा लागेल, आणि ती म्हणेल, ‘अहो, मुलगा आहे आपला.’

हात मागे गेला. ‘नाही,’ ती म्हणाली, ‘इथं काही नाही.’ खुर्चीच्या हातावर दोन बोटांची टकटक ऐकू आली. मी डोळे उघडले तेव्हा ती लाल दोरे एकावर एक बोटाभोवती गुंडाळत होती, नीट, पुन्हा उपयोगाला येतील असे, आणि मला निघायला हवं हे उघड होतं. एक तागा तपासून झाला होता. मी पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेलो तेव्हा तिनं हाक मारली, ‘अहो, वायरमन!’ मी वळलो. ती माझ्या पायांकडे बघत होती.

‘माझा मुलगा कुठं भेटला तर त्याला सांगा,’ ती म्हणाली. ‘बूट काढून ये म्हणावं.’